वेणा, कळा आणि आकुंचन : प्रसूतिपूर्व शिक्षणवर्गाच्या इतिहासाचा एक भाषिक विचार

१

पहिले बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रीने प्रसूतिपूर्व शिक्षणवर्गास जावे की न जावे, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा, फार तर कौटुंबिक सोयीगैरसोयीचा वाटतो. इतिहासाच्या किंवा भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर दुहेरी आहे. एक तर असा निर्णय घेण्याची वेळ स्त्रीवर विसाव्या शतकाच्या आधी क्वचितच येत असे; म्हणजे हा प्रश्न स्वतःच एक ऐतिहासिक घटित आहे. दुसरे असे की, या वर्गाचा जो प्रकार पुढे जगभर पसरला, तो भाषेविषयीच्या एका विशिष्ट सिद्धांतावर उभा होता. प्रसूतीची वेदना ही बऱ्याच अंशी शब्दांनी निर्माण केलेली आहे, म्हणून ती शब्दांनीच दूर करता येईल, असे त्याच्या प्रवर्तकांचे म्हणणे होते.

प्रस्तुत निबंधात या सिद्धांताचा उगम, प्रवास आणि त्याची झालेली परीक्षा यांचा मागोवा घ्यावयाचा आहे. या वर्गाला वेळोवेळी जी नावे दिली गेली, त्यांतील प्रत्येक नावात एक आश्वासन दडलेले होते. आणि आश्वासन जेवढे मोठे, तेवढा त्याचा भार वर्गास येणाऱ्या स्त्रीवर अधिक पडला, हे येथे दाखवावयाचे आहे. वर्गास जावे की न जावे याचा निर्णयही मग या प्रकाशात थोडा निराळा दिसू लागतो.

२

वर्ग नव्हता तेव्हा शिक्षण नव्हते, असा समज कोणी करून घेऊ नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नवव्या महिन्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करण्याचा विधी सांगितला आहे. प्रसूतिसमयी स्त्रीभोवती अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ व अनुभवी स्त्रिया असाव्यात, त्यांनी तिला धीर द्यावा आणि कळ आलेली नसताना जोर न करण्याविषयी बजावावे, असेही तेथे सांगितले आहे. भाषिकदृष्ट्या लक्षणीय गोष्ट ही की, या कळांसाठी आयुर्वेदाने ‘आवी’ हा स्वतंत्र शब्द योजला आहे. सर्वसामान्य वेदनेपासून प्रसूतीची कळ वेगळी ओळखण्याची गरज त्या शास्त्रकारांना भासली होती.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची जी चाल आहे, तिच्यातही शिक्षणाचा हाच अंश होता. आई, आजी, आत्या, शेजारीण आणि सुईण यांच्या बोलण्यातून मुलीला जे कळे, तेच तिचे पूर्वज्ञान. ते सगळे हितावह होते असे नव्हे. त्यात अनुभवाबरोबर भयही होते आणि उपचाराबरोबर अपायही. परंतु ते ज्ञान घ्यावे की न घ्यावे हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण ते घरातच वावरत होते. बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले, तेव्हा स्त्रीचे शरीर तेथे गेले; हे बोलणे मात्र मागे राहिले. या पोकळीत वर्गाचा जन्म झाला.

युरोप-अमेरिकेत हे स्थलांतर भुलीच्या औषधांच्या संगतीने झाले. जेम्स यंग सिम्प्सन याने १८४७ मध्ये एडिंबरो येथे प्रसूतीत प्रथम ईथर आणि नंतर क्लोरोफॉर्म वापरले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने जॉन स्नो याच्याकडून क्लोरोफॉर्म घेतल्यावर त्यास प्रतिष्ठा लाभली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मॉर्फीन व स्कोपोलामीन यांच्या मिश्रणाने ‘संधिनिद्रा’ आणण्याची पद्धत रूढ झाली. ती मिळावी म्हणून १९१४ च्या सुमारास अमेरिकेतील स्त्रियांनी चळवळ केली. या निद्रेचे मर्म असे की, वेदना पूर्णतः थांबत नसे, पण तिची आठवण पुसली जाई. स्त्री ओरडे, तळमळे, आणि जागी झाल्यावर तिला काही आठवत नसे. आपल्याच बाळंतपणाविषयी सांगण्यासारखे तिच्यापाशी काहीही उरत नसे.

३

या मौनाविरुद्धची पहिली मोठी प्रतिक्रिया इंग्लंडमध्ये उमटली. ग्रँटली डिक-रीड (१८९०–१९५९) या प्रसूतितज्ज्ञाने १९३३ मध्ये ‘नॅचरल चाइल्डबर्थ’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे दुसरे पुस्तक १९४४ मध्ये अमेरिकेत ‘चाइल्डबर्थ विदाउट फिअर’ या नावाने निघाले आणि त्याच नावाने ते जगभर पोचले. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील एका गरीब स्त्रीने क्लोरोफॉर्म नाकारला आणि ती शांतपणे प्रसूत झाली, या आपल्या तरुणपणीच्या अनुभवातून आपला विचार सुरू झाला, असे तो सांगत असे. भीतीने ताण येतो, ताणाने वेदना वाढते आणि वेदनेने पुन्हा भीती, असे चक्र त्याने मांडले. या भीतीचे मूळ त्याने मुख्यतः ऐकीव कथांत आणि संस्कारांत शोधले. सुसंस्कृत वर्गातील स्त्रियांनी अधिक मुलांना जन्म द्यावा, ही इच्छाही त्याच्या प्रतिपादनामागे होती, हे विसरून चालणार नाही.

डिक-रीड हा भाषाशास्त्रज्ञ नव्हता. तरी एका शब्दाच्या अर्थावर त्याने बराच भर दिला. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात हव्वेला मिळालेल्या शापात ‘एत्सेव्ह’ हा हिब्रू शब्द येतो. इंग्रजी भाषांतरकारांनी तेथे दुःख असा अर्थ घेतला. परंतु नीतिसूत्रांच्या पुस्तकात हाच शब्द श्रम या अर्थी आला आहे. म्हणजे श्रमाने प्रसूत होशील, एवढेच जेथे म्हटले आहे तेथे भाषांतरकारांनी दुःख घातले आणि पिढ्यान्पिढ्या स्त्रियांनी ते भोगले, असा त्याचा युक्तिवाद होता. हिब्रू शब्दात श्रम आणि क्लेश या दोन्ही छटा असल्यामुळे हा युक्तिवाद निर्णायक नाही. तथापि वेदनेची पाळेमुळे शब्दकोशात शोधण्याची वृत्ती त्यातून स्पष्ट होते.

४

डिक-रीडने जे अनुभवाच्या आधारे म्हटले, त्यास सिद्धांताचे रूप सोव्हिएत संघात मिळाले. युक्रेनमधील खारकोव्ह (आजचे खारकिव्ह) येथील मानसोपचारतज्ज्ञ वेल्व्होव्स्की हा प्रथम प्रसूतीत संमोहनाचा प्रयोग करणाऱ्यांपैकी होता. परंतु प्रत्येक स्त्रीला संमोहित करण्यास वैद्य आणि वेळ दोन्ही फार लागत. महायुद्धानंतर वेदनाशामक औषधांचीही टंचाई होती. संमोहनावाचून, केवळ शिकवून तोच परिणाम साधता येईल काय, या विचारातून १९४९ च्या सुमारास ‘सायकोप्रोफिलॅक्सिस’, म्हणजे मनोमार्गाने वेदनेचा पूर्वप्रतिबंध, ही पद्धत पुढे आली. १९५० मध्ये पाव्हलोव्हच्या शरीरविज्ञानास सोव्हिएत विज्ञानात अधिकृत मान्यतेचे स्थान मिळाले होते. या पद्धतीने त्याचाच आधार घेतला. १९५१ मध्ये आरोग्य मंत्रालयाने ती देशभर लागू करण्याचा आदेश काढला.

पाव्हलोव्हच्या मते प्राणिमात्रास जगाची जाणीव इंद्रियांच्या संवेदनांतून होते. ती पहिली संकेतव्यवस्था. मनुष्यात तिच्यावर भाषेची दुसरी संकेतव्यवस्था उभी असते, आणि तिच्यात शब्द हा संकेताचा संकेत असतो. घंटेच्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटते, तसे शब्दानेही मनुष्याच्या देहात खरोखर बदल घडतात. प्रसूतीला समाज जन्मभर ‘वेदना’ म्हणत आला, म्हणून गर्भाशयाचे प्रत्येक आकुंचन मेंदूपर्यंत वेदना होऊनच पोचते. तेव्हा जुना शब्द काढून नवा घातला, आणि श्वासाच्या व स्पर्शाच्या व्यायामांनी मेंदू कामात गुंतवला, तर नवी सवय जुनीची जागा घेईल, असे हे तर्कशास्त्र होते. वर्गातील पहिले पाऊल म्हणूनच पारिभाषिक होते : ‘वेदना’ हा शब्द टाकावा आणि ‘आकुंचन’ म्हणावे.

भाषेच्या अभ्यासकास या सिद्धांताचे आकर्षण वाटावे हे साहजिक आहे. शब्दाला एवढे सामर्थ्य क्वचितच कोणी दिले असेल. पण त्यातील एक दोष लगेच ध्यानात येतो. शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो. जुन्या वस्तूला नवे नाव दिले की काही काळाने जुना अर्थ नव्या नावात उतरतो. अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासात याची उदाहरणे पदोपदी भेटतात. ‘आकुंचन’ हा शब्द आज जगभरच्या प्रसूतिगृहांत रूढ आहे, आणि ‘आकुंचने सुरू झाली’ हे ऐकून स्त्रीला पूर्वीइतकीच धास्ती वाटू शकते.

५

फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फेर्नां लामाझ (१८९१–१९५७) याने १९५१ मध्ये सोव्हिएत संघास भेट दिली आणि तेथे या पद्धतीने झालेली प्रसूती पाहून तो प्रभावित झाला. परतल्यावर पॅरिसमधील ब्ल्यूए रस्त्यावरील प्रसूतिगृहात त्याने ती १९५२ पासून सुरू केली. हे प्रसूतिगृह धातुकामगारांच्या संघटनेने चालविलेले होते, ही गोष्ट आकस्मिक नाही. फ्रेंच भाषेत ‘त्राव्हाय’ या एकाच शब्दाने कामही सांगितले जाते आणि प्रसूतीची क्रियाही. इंग्रजी ‘लेबर’चेही तसेच आहे. कामगारांच्या त्या वास्तूत प्रसूती म्हणजे शिकून, सराव करून, जागेपणी पार पाडावयाचे एक कुशल काम, ही कल्पना सहज रुजली. लामाझने सोव्हिएत पद्धतीत जलद व उथळ श्वसनाची भर घातली आणि प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ राहणारी प्रशिक्षित सहायिका नेमली; पतीलाही सोबत येऊ दिले. फ्रान्समध्ये हा प्रकार ‘अकुशमां सां दुलर’, म्हणजे वेदनारहित प्रसूती, या नावाने प्रसिद्ध झाला.

या नावाने दोन वाद ओढवून घेतले. पहिला राजकीय व धार्मिक होता. मॉस्कोहून आलेली, साम्यवादी कामगारसंघटनेने पुरस्कारलेली आणि शापवचनास छेद देणारी ही पद्धत कॅथलिकांनी स्वीकारावी काय? ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी वैद्यांपुढील भाषणात ती धर्माविरुद्ध नसल्याचे सांगितले. तिचा पुरस्कार करणाऱ्यांची विचारसरणी आणि तिचे वैद्यकीय मूल्य या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. त्यानंतर फ्रान्समध्ये तिचा मार्ग बराच निर्वेध झाला.

दुसरा वाद अधिक खोल आणि कमी बोलका होता. नावातच वेदनारहितता असल्यामुळे ज्या स्त्रीस वेदना झाली तिचे काय समजावयाचे? प्रसूतिगृहात परिणामांची प्रतवारी उत्तमपासून अपयशापर्यंत केली जाई. वेदना ही सवयीने आलेली आणि सवयीने घालविता येणारी असेल, तर ती उरली याचा अर्थ सराव अपुरा पडला, किंवा मनातील भय गेले नाही. म्हणजे दोष बहुधा स्त्रीच्या पदरी पडे. सिद्धांत कधीच चुकत नसे. ज्या शिक्षणाने स्त्रीला संधिनिद्रेच्या मौनातून बाहेर काढले, त्यानेच तिच्या ओरडण्याला नापास ठरविले, हा या इतिहासातील सर्वांत बोचरा विरोधाभास होय.

६

अमेरिकेत ही पद्धत मार्जरी कार्मेल या लेखिकेच्या १९५९ मधील ‘थँक यू, डॉ. लामाझ’ या पुस्तकाने पोचली. पॅरिसमध्ये लामाझच्या हाताखाली झालेल्या आपल्या बाळंतपणाची हकीकत तिने त्यात सांगितली होती. १९६० मध्ये तिने आणि बर्लिनमध्ये जन्मलेल्या एलिझाबेथ बिंग (१९१४–२०१५) या भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंनी न्यूयॉर्क येथे संघटना स्थापन करून वर्गाचे प्रशिक्षण सुरू केले. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत पद्धतीचे खारकोव्हशी असलेले नाते मागे पडले आणि एका फ्रेंच वैद्याचे आडनाव तिचे सामान्यनाम झाले. विशेषनामाचे असे सामान्यीकरण भाषेत नवे नाही. येथे मात्र त्याने जन्मस्थान झाकण्याचेही काम केले.

याच सुमारास नावे हळूहळू नरम होत गेली. ‘नैसर्गिक’ म्हणावे तर औषध घेणारी स्त्री अनैसर्गिक ठरते, आणि ‘वेदनारहित’ म्हणावे तर विव्हळणारी अपयशी; म्हणून अमेरिकेत ‘पूर्वतयारीची प्रसूती’ हा शब्द पुढे आला. इंग्लंडमध्ये प्रुनेला ब्रायन्स हिने मे १९५६ मध्ये ‘टाइम्स’ पत्रात जाहिरात देऊन नैसर्गिक प्रसूतीचा पुरस्कार करणारी संस्था उभी केली होती. १९६१ मध्ये तिच्या नावातील ‘नॅचरल’ जाऊन तेथे ‘नॅशनल’ आले. आद्याक्षर कायम राहिले. आश्वासन मात्र गळाले. मानवशास्त्राच्या अभ्यासक शीला किट्झिंगर (१९२९–२०१५) यांनी १९६२ मधील आपल्या पुस्तकात वेदना आहे की नाही यापेक्षा स्त्रीस तो अनुभव कसा येतो, या प्रश्नाकडे लक्ष वेधले.

फ्रान्समधील शेवट विशेष बोलका आहे. तेथे २०१६ आणि २०२१ च्या राष्ट्रीय पाहण्यांत ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी प्रसूतीच्या वेळी एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या कण्यातून दिली जाणारी भूल, घेतल्याचे आढळले. ज्या देशाने वेदनारहित प्रसूतीचे शिक्षण गाजविले, तेथे वेदना अखेर औषधाने दूर केली. परंतु वर्ग बंद पडले नाहीत. शासकीय आरोग्यविमा आजही सात सत्रांचा खर्च उचलतो. त्यांचे नाव आहे ‘जन्माची व पालकत्वाची पूर्वतयारी’. नावातून ‘वेदना’ हा शब्दच गेला आहे.

७

या वर्गांचा प्रत्यक्ष उपयोग किती, याची आधुनिक पद्धतीने झालेली परीक्षा विचारात घेतल्यावाचून निर्णयाचा प्रश्न सुटत नाही. २००७ मध्ये कॉक्रेन संकलनाने नऊ परीक्षणांतील २,२८४ स्त्रियांची माहिती एकत्र केली आणि या शिक्षणाचे परिणाम बव्हंशी अज्ञातच आहेत, असा निष्कर्ष काढला. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणात प्रथमच प्रसूत होणाऱ्या १,०८७ स्त्रिया सहभागी होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी करून एका गटास सायकोप्रोफिलॅक्सिससह नैसर्गिक प्रसूतीची तयारी आणि दुसऱ्यास नेहमीचे शिक्षण देण्यात आले. दोन्ही गटांत ५२ टक्के स्त्रियांनी एपिड्युरल घेतले. खारकोव्हच्या सिद्धांताला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण.

याउलट सिडनी येथील १७६ स्त्रियांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात श्वसन, मर्दन, बिंदुदाब, योगासने आणि जोडीदाराचे साहाय्य शिकविणाऱ्या दोन दिवसांच्या वर्गानंतर एपिड्युरलचे प्रमाण २३.९ टक्के, तर नेहमीची शुश्रूषा लाभलेल्या गटात ६८.७ टक्के आढळले. ही दोन परीक्षणे परस्परांस खोडून काढतात असे म्हणता येत नाही. स्वीडनमध्ये दोन्ही गट वर्गास जात होते आणि तुलना एका शिकवणीची दुसरीशी होती. सिडनीत जोडीदारालाही निश्चित काम शिकविलेले होते. प्रसूतीच्या वेळी सतत कोणीतरी सोबत असल्याने औषधांवाचून व शस्त्रावाचून प्रसूती होण्याची शक्यता वाढते आणि अनुभवाविषयीची कटुता कमी होते, हे २०१७ च्या कॉक्रेन संकलनात १५,८५८ स्त्रियांच्या माहितीवरून दिसून आले आहे. चरकाने सांगितलेल्या प्रेमळ व अनुभवी स्त्रिया आणि लामाझची सहायिका यांचे कार्य येथे एकाच रेषेत येते.

८

आता मराठीकडे वळू. संस्कृत ‘वेदना’, प्राकृत ‘वेअणा’ आणि मराठी ‘वेणा’ ही परंपरा सर्वज्ञात आहे. मूळ शब्द कोणत्याही दुःखाचा वाचक; मराठीत मात्र ‘वेणा’चा अर्थसंकोच होऊन तो केवळ प्रसूतीपुरता उरला, आणि सामान्य अर्थासाठी ‘वेदना’ हा तत्सम शब्द राहिला. आयुर्वेदाने ‘आवी’ हा वेगळा शब्द योजून जे साधले, ते लोकभाषेने आपल्या परीने साधले : बाळंतपणाची वेदना इतर वेदनांसारखी नव्हे, हे तिने शब्दातच नोंदवून ठेवले. ‘कळा’ या अनेकवचनातही तीच समज आहे. येणे, ओसरणे आणि पुन्हा येणे हा त्यांचा क्रम त्या शब्दाला माहीत आहे. शिवाय ‘कळ काढणे’ या प्रयोगात सोसण्याबरोबर वाट पाहण्याचाही अर्थ आहे. अवघड प्रसूतीला आपण ‘बाई अडली’ म्हणतो आणि सुखरूप प्रसूतीला ‘सुटका झाली’, ‘मोकळी झाली’ म्हणतो. फ्रेंच आणि इंग्रजी भाषांनी प्रसूतीला काम मानले; मराठीने तिच्याकडे बंध आणि मोचन या दृष्टीने पाहिले. कामात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण होता येते; सुटकेत तसे काही नसते.

हा केवळ कोशातील विचार नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात रुग्णालयांत व आरोग्यकेंद्रांत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५–०६ मध्ये ३८.७ टक्के होते. २०१९–२१ मध्ये ते ८८.६ टक्के झाले. युरोपात जे स्थलांतर दोन-तीन पिढ्यांत घडले, ते आपल्याकडे सुमारे पंधरा वर्षांत घडले आहे. त्याने असंख्य जीव वाचविले, यात शंका नाही. परंतु घरातील बोलणे मागे राहून जी पोकळी निर्माण होते, तीही आता आपली झाली आहे, आणि वर्गास जावे की न जावे हा प्रश्न मराठी घरांतही विचारला जाऊ लागला आहे.

या इतिहासावरून त्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही; पण उत्तर कोणत्या कसोटीवर शोधावे हे सांगता येते. वर्ग जर वेदना नाहीशी करण्याचे आश्वासन देत असेल, तर त्या आश्वासनाच्या बळावर तेथे जाऊ नये. ते पुरे झाले नाही तर त्याचे ओझे आश्वासन देणारा वाहत नाही, हे पॅरिसच्या प्रतवारीने दाखविले आहे. औषध घेणे म्हणजे हार, असे जेथे सुचविले जाते तेथेही हाच धोका आहे. परंतु प्रसूतीचे टप्पे कोणते, कळ ओसरली म्हणजे काय करावे, सोबतीच्या माणसाने कोणते काम करावे, प्रसूतिगृहात उच्चारले जाणारे शब्द कोणते आणि त्यांचा अर्थ काय, कोणत्या उपचारास केव्हा संमती मागितली जाते आणि ती देण्यापूर्वी काय विचारावे, हे जो वर्ग शिकवितो तो घरातून हरवलेले बोलणे परत देतो. ज्या स्त्रीभोवती असे बोलणारी, जाणती आणि प्रेमळ माणसे आधीच आहेत, तिने वर्गास न जाणे हा काही अविचार नव्हे. जिच्याभोवती ती नाहीत, तिला वर्गाचा उपयोग अधिक होईल.

वेल्व्होव्स्कीचा सिद्धांत ज्या ठिकाणी चुकला, त्याच्या अगदी शेजारी त्याचे सत्यही होते. शब्दाने वेदना नाहीशी होत नाही. पण शब्द नसल्यास वेदनेत असलेल्या माणसाला काही विचारता येत नाही, काही नाकारता येत नाही आणि काही मागताही येत नाही. प्रसूतिपूर्व वर्गाचे मूल्यमापन भूलशास्त्राच्या मोजपट्टीने झाले, तेव्हा तो बहुधा उणा पडला. भाषाशिक्षणाचा एक प्रकार म्हणून त्याची परीक्षा अद्याप फारशी झालेली नाही. मराठीत ती करावयाची तर ‘आकुंचन’ हा शब्द शिकवून ‘वेणा’ विसरावयास लावणे हा तिचा आरंभ होऊ शकत नाही. दोन्ही शब्द स्त्रीला ठाऊक असावेत आणि वैद्याशी व स्वतःशी बोलताना हवा तो तिला निवडता यावा, हे त्या शिक्षणाचे पहिले साध्य होय.